पुढच्या टेबलाचा भाव

माझे मेहुणे भाड्याची गाडी चालवायचे. एकतीस वर्षं चालवली. साठच्या पुढे काटा कधी नेला नाही आणि मागून कुणी घाई केली की त्यांचं एकच उत्तर, "सावकाश." त्यामुळे स्टँडवर त्यांचं नावच सावकाश पडलं. माझ्या ताईला सगळे सावकाशची बायको म्हणायचे. तिचा अगदी तिळपापड व्हायचा, कारण ती स्वतः वावटळ आहे.

त्यांच्या घरात मिरवावं असं फारसं काही नव्हतं. होती ती एक गोष्ट. लग्नाहून परतणाऱ्या एका कुटुंबाची दागिन्यांची बॅग त्यांच्या गाडीत राहिली होती. घरी येऊन गाडी पुसताना ती सीटखाली सापडली. भाऊजी आल्या पावली परत फिरले, ऐंशी किलोमीटर जाऊन बॅग पोचवली आणि बक्षीस न घेता घरी आले. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. सांगते त्यांची मुलगी, माझी भाची. तिने ते शाळेतल्या निबंधात लिहिलं, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं. दाताच्या डॉक्टरलाही सांगितलं असणार, आ वासलेला असताना. "माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाच्या एका पैशाला हात लावला नाही." हे म्हणताना तिची मान ताठ होते आणि भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागतात. मुलीची ती ताठ मान हीच त्यांची आयुष्याची कमाई, असं मला नेहमी वाटायचं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. भाचीला एक्स-रे काढायची नोकरी लागली होती. तिने दोन दिवसांसाठी एक गाडी भाड्याने घेतली आणि आम्हा सगळ्यांना डोंगरापलीकडचं मोठं तळं दाखवायला काढलं. ड्रायव्हरही ठरवला होता, पण मागच्या सीटवर बसायचं म्हटल्यावर भाऊजींचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी ड्रायव्हरला सुट्टी मिळाली आणि भाऊजींच्या हातात चावी आली. भाचीची एकच अट होती.

"जेवायला आमच्याबरोबर बसायचं, बाबा. तुम्ही आज ड्रायव्हर नाही."

"बसतो की," भाऊजी म्हणाले.

दुपारी एकच्या सुमाराला हमरस्त्यावरच्या एका खानावळीपाशी गाडी आपोआप वळली. आपोआपच म्हणायला हवं, कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आम्ही हात धुऊन पुढच्या मोठ्या खोलीत बसलो. वेटरने एकदा बाहेरच्या गाडीची भाड्याची नंबरपाटी पाहिली आणि निळ्या पुठ्ठ्याचं दरपत्रक आणून ठेवलं. पदार्थ नेहमीचेच होते, आमलेट, पाव, भात, दही, चहा. भाव मात्र पांढऱ्या टेबलक्लॉथला शोभतील असे होते. "आज कुणी भाव वाचायचे नाहीत," असं म्हणून भाचीने दरपत्रक मिटलं. आमलेटं आली, पाव आले, भाऊजींचा पत्ता नाही.

"गाडीचं पाणी बघत असतील," ताई म्हणाली. भाची बघायला गेली आणि पाच मिनिटांनी बापाला दंडाला धरून घेऊन आली. त्यांच्या हातात अर्धी संपलेली ताटली होती.

"कुठे होते माहितीय? मागच्या खोलीत, ड्रायव्हर लोकांत!"

"सवय गं," भाऊजी ओशाळून म्हणाले. गाडी लावायची, मागच्या नळावर हात धुवायचे, मागच्या बाकावर बसायचं. न मागता ताटली येते. एकतीस वर्षांत त्यांचे पाय या खानावळीत पुढच्या दाराने कधी आले नव्हते. आम्ही पोट धरून हसलो.

बिल आलं तेव्हा हसू थांबलं. भाची बिल बघत राहिली.

"मामा, मागच्या खोलीत भिंतीवर फळा आहे. आमलेट चाळीस लिहिलंय. इथे नव्वद."

मी तर पेटूनच उठलो. दिवसाढवळ्या लूट आहे, तक्रार करू, वगैरे जे काही आपण म्हणतो ते सगळं म्हणालो. भाऊजी ताटलीतला पाव मोडत होते. भाची तरातरा गल्ल्यावर गेली आणि आम्ही तिच्या मागे.

"तवा एकच, अंडं एकच. मग भाव दोन कसे?"

गल्ल्यावरचा मालक म्हातारा होता आणि अजिबात चिडला नाही. "मॅडम, फळ्यावरचा भाव एकट्या येणाऱ्या ट्रकवाल्यांचा. तुमचा ड्रायव्हर मागे फुकट जेवतो. त्याचं जेवण, चहा, निघताना पैशांचं पाकीट. तो तुम्हाला इथे आणतो, म्हणून ते आम्ही देतो. पण आम्ही तरी कुठून देणार? ते पुढच्या टेबलावर लागतं. सगळीकडे हीच पद्धत आहे." एवढ्यात त्याला भाऊजी दिसले. म्हातारा उठून उभाच राहिला. "अरे, सावकाश! किती दिवसांनी! चांगले पॅसेंजर आणलेत." आणि त्याने ड्रॉवरमधून एक पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं.

भाचीने पाकिटाकडे पाहिलं, मग बापाकडे. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. भाऊजींनी कानावर हात ठेवले असते तर आम्ही सगळ्यांनी आनंदाने विश्वास ठेवला असता.

"पॅसेंजर नाहीत," ते म्हणाले. "ही माझी मुलगी."

मालक कावराबावरा झाला. घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणत बिल फाडायला लागला. भाऊजींनी त्याचा हात धरला. मग ते मुलीला म्हणाले, "मला वाटायचं, हे मला खायला घालतात. माझ्या ताटलीचे पैसे गाडीत माझ्या मागे बसलेली माणसं देतात, हे कधी डोक्यातच आलं नाही गं."

ते खरं बोलत होते. मी ऑफिसात तीस वर्षं समोरच्याने मागवलेला चहा प्यायलो. त्याचे पैसे कोण देतं, याचा मी तरी कुठे विचार केला होता? माझी लूट-लूट घशातच विरली.

भाचीने पूर्ण बिल भरलं. भाऊजींनी खिशातून स्वतःच्या ताटलीचे वेगळे पैसे काढले, निळ्या दरपत्रकाप्रमाणे, आणि गल्ल्यावर ठेवले. पाकीट तिथेच राहिलं.

भाऊजींनी गाडी पुन्हा हमरस्त्याला लावली. भाची पुढे बापाशेजारी बसली होती.

"बाबा, ते बॅगवाले... त्यांना जेवायला कुठे थांबवलं होतं?"

"इथेच."

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"ती गोष्ट आता कुणाला सांगू नकोस," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

भाची समोर रस्त्याकडे बघत होती. तिची मान ताठ नव्हती. तिने गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सांगणार," ती म्हणाली. "पण यापुढे जेवणासकट सांगणार."

भाऊजींनी मान डोलावली.

"जेवणासकटच सांग."