रहीमभाईंचा खडू

मे महिन्यात जळगावात पंखा बंद करायला लावणारा माणूस कुणाला आवडणं शक्यच नाही. रहीमभाई रोज तो बंद करायला लावत. मेंदूविकाराच्या एका दवाखान्यात नसा आणि स्नायू तपासण्याची खोली होती. तिथे ते तंत्रज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली. रुग्णाला सदरा काढून बसवायचं, टेबललॅम्प आडवा धरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्या उघड्या अंगाकडे नुसतं बघत राहायचं. घामाच्या धारा लागत. रुग्ण वैतागे, मी त्याहून जास्त. शेजारी यंत्र तयार आहे, सुई टोचली की पडद्यावर सगळं दिसणार आहे, मग ही तपश्चर्या कशाला, असं मी एकदा विचारलंच.

"बेटी, सुई जिथे टोचशील तिथलंच सांगते," ते म्हणाले. "डोळा बठ्ठं, सगळं अंग बघतो. आणि कातडीला घाई केली ना, की ती दडून बसते."

ते शोधत असत ते मांसाचं लवणं. हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरू लागल्या की स्नायू आपल्या आपण फडफडतात. कातडीखाली क्षणभर काहीतरी उडतं आणि थांबतं; पंख्याच्या वाऱ्यानं अंग शहारलं तर ते कळतही नाही. पापणी तर आपली सगळ्यांचीच लवते, त्यात काही नसतं. पण दंड, मांडी, पाठ असं जागोजागी लवू लागलं आणि हात वाळू लागले, तर तो मोटर न्यूरॉनचा आजार. त्यातून कुणी बरं होत नाही. रहीमभाई त्याचं नावही घेत नसत, नुसतं 'तो' म्हणत.

ते मूळचे फैजपूरचे, शिंप्याच्या घरातले. वडिलांचा चपटा निळा खडू त्यांच्या खिशात असे. जिथे लवलं तिथे कातडीवर त्या खडूची बारीक रेघ. दहा मिनिटं झाली की रेघा मोजून कागदावर लिहायच्या आणि ओल्या फडक्यानं पुसून मगच सदरा द्यायचा. "घरी बायकोनं पाठ बघितली तर? डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील," म्हणत. वडिलांचं एक वाक्य मात्र ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. "खुणेशिवाय कापडाला कात्री लावू नये."

सोनगीरचा एक ट्रकड्रायव्हर हसतच आला होता. "भाऊ, उजवा दंड लवी ऱ्हायना. चांगलं शे ना?" उजवा दंड लवला की पुरुषाचं भलं होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रहीमभाईंनी त्याच्या दंडावर नववी रेघ ओढली आणि म्हणाले, "चांगलंच शे, भाऊ." तो गेल्यावर ते बराच वेळ बेसिनपाशी हात धूत राहिले.

"खोटं बोललात," मी टोमणा मारला.

"बोललो," ते म्हणाले. मी ते नको तितकं लक्षात ठेवलं.

पुढे त्यांच्याच हातातून खडू निसटू लागला. अंगठ्याखालचं मांस बसलं. मानेचा फोटो काढला तर मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर हात वाचेल. पण 'तो' असेल, तर ऑपरेशन फुकट, उलट अंगावर येणारं.

रहीमभाईंनी सदरा काढला. "दंड मी आरशात बघितला, लवतो. तो मानेमुळेही लवतो. पाठ लवत असेल तर मात्र ते मानेचं नाही, 'तो'च. पाठ मला दिसत नाही, बेटी. तू बघ. काही दिसलं तरच सुई."

मी पंखा बंद केला. तिसऱ्या मिनिटाला बरगड्यांच्या मागे, कण्याला लागून, लवलं. खडू घेऊन हात पुढे गेला आणि थांबला. ते ताठ बसले होते, खडूच्या स्पर्शाची वाट बघत. दहा मिनिटांत सहा वेळा लवलं. मी एकदाही खडू टेकवला नाही.

"लागला नाही," ते म्हणाले.

"नाही लागला."

ते वळले. इतका हलका झालेला चेहरा मी त्यानंतर कुणाचा पाहिला नाही. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. रहीमभाईंच्या खोलीतून आलेल्या शब्दावर डॉक्टर पुन्हा विचारत नसत. नाशिकला ऑपरेशन झालं. गुण येईलही, असं मी स्वतःला सांगत राहिले. भित्रेपणाला माया म्हणत राहिले.

दोन महिन्यांनी ते गळ्यात पट्टा घालून आले. आता डावा हातही लुळा, जीभ जड. पंख्याचं बटण त्यांनी कोपरानं दाबलं. "खडू घे."

या वेळी मी रेघा ओढल्या. दर स्पर्शाला ते मोठ्यानं मोजत होते. अकरा झाल्या.

"त्या दिवशी किती होत्या?"

मला रडू आवरेना. "सहा."

एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "ट्रकवाल्याला मीही खोटं सांगितलं. पण बेटी, त्याला कुणी कापणार नव्हतं."

मी ओलं फडकं उचललं.

"पुसू नको. घरी दाखवायच्यात. तोंडानं नाही सांगता येणार."

त्यांच्या बोटांना बटणं लागत नव्हती. त्या अकरा रेघांवरून मीच सदरा चढवला आणि बटणं लावली.

पुढच्या मे महिन्यात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा भाभींनी खडू माझ्या हातात ठेवला. "बोले कुछ नहीं थे उस दिन," त्या म्हणाल्या. "बस, मेरी तरफ पीठ करके बैठ गए."

खडू आता नखाएवढा उरलाय. मी पंखा बंद करते, दिवा आडवा धरते. लवलं की हात अजूनही थांबतो. तरी रेघ ओढते.