कार्डावर लिहिलेलं वजन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आत्ता लिहितानासुद्धा सारखं दाराकडे बघतेय. कोण येणार आहे? कुणीच नाही. तरी.

मी पोलिसात आहे, मूळची मोताळ्याची. बरीच वर्षं पिस्तूल नेमबाजीच्या संघात होते. आता नव्या मुलींना शिकवते. त्या विचारतात, "मॅडम, तुम्हाला कधी भीती वाटली?" मी हसते. काय सांगू? चाप ओढण्याआधी माझे डोळे मिटायचे, मनगट खाली जायचं. आवाजाची भीती, धक्क्याची भीती — आणि हे कुणाला दिसेल याची तर त्याहून जास्त.

शबाना संघात माझ्यानंतर आली. नांदुऱ्याची, वडील गाद्या भरायचे. मला ताई म्हणायची, माझा शब्द खाली पडू द्यायची नाही.

एका वर्षी निवड स्पर्धेआधी गोळी ठरवायची होती. नमुने दोन होते — अठ्ठ्याण्णव ग्रेनची जड आणि त्र्याऐंशी ग्रेनची हलकी; ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप. जड बरी की हलकी, याचं एकच उत्तर नसतं. ज्या त्या पिस्तुलाच्या नळीला आपापली गोळी मानवते. म्हणून पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्या झाडायच्या आणि कोणत्या कार्डावर भोकं जवळजवळ पडली ते पाहायचं. संघाच्या साहेबांनी हे काम आम्हा दोघींना दिलं. सगळ्या संघासाठी एकच मागणी जाणार होती.

झाडणारीच्या मनात आधीच कौल नको, म्हणून कोणती ते न सांगता गोळ्या मी भरत होते. शबाना नुसती झाडत होती. आमच्या दोन्ही पिस्तुलांचं उत्तर स्पष्ट होतं. जड गोळीची पाचही भोकं एकमेकांत मिसळली होती. हलकीची विखुरली होती.

पण जड गोळीचा धक्का जास्त. पिशवीवर तो कळत नाही, हातात कळतो. स्पर्धेत सगळ्यांसमोर माझे डोळे मिटणार — मला तेवढंच दिसत होतं.

मी कार्डांवर वजनं उलटी लिहिली.

शबाना म्हणाली, "ताई, दुसऱ्या खेपेची गोळी लई छान गेली. जड होती ना?"

"नाही. हलकी."

"असं? मले जड वाटली." आणि तिनं मान डोलावली. कार्ड पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

हलक्या गोळ्या आल्या. निवड स्पर्धेत मी कशीबशी संघात राहिले. शबानाचे नेम मात्र फाटले — एक आत, एक बाहेर, काही ताळमेळच नाही. ती माझ्याजवळ आली. ओठ कोरडे पडले होते.

"ताई, माहा हात हलून राह्यला काय?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? साहेब चार पावलांवर होते.

"हो," मी म्हटलं. "तुझाच हात."

खोटं कार्ड भीतीपोटी लिहिलं, असं म्हणता येईल. पण हे? हे मी तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

तिनं पिस्तूल जमा केलं ते कायमचं. दोन-तीनदा साहेबांनी बोलावलं, आली नाही.

गेल्या महिन्यात बंदोबस्ताला शेगावला गेले, तर स्टेशनबाहेर भेटली. आम्ही चहा घेतला. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाली, "पोरगी नेमबाजी शिकतो म्हणते, ताई. मीच नाही म्हटलं. तिचा हात माह्यासारखा असन तर? मंग लोकाईसमोर फजिती."

समोर रिकामं बाकडं, आम्ही दोघीच. साहेब निवृत्त झालेले, कार्डं केव्हाच रद्दीत गेलेली. आता मला कशाचं भय होतं?

मी म्हटलं, "बरं केलंस."