अर्धा टन मोकळा

आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत आले की डाव्या हाताला वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेल्या लोखंडी फलाटावर ट्रक उभा करायचा, की शेजारच्या काचेच्या खोलीत आकडा उमटतो. त्या खोलीत एकोणतीस वर्षे एकच माणूस बसत आला आहे. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले ड्रायव्हरही दादाच म्हणतात. माझे टेबल समोरच्या रवानगी विभागात असल्यामुळे आमच्यामध्ये वीस पावले आणि दोन काचा, एवढेच अंतर आहे.

वजनाच्या बाबतीत आम्हा बाकीच्यांचे काम अंदाजपंचे. दादांचे तसे नव्हते. ट्रक फलाटावर चढताना ते टायरकडे बघत आणि आकडा उमटायच्या आत सांगत. चूक झालीच तर चार-दोन पोत्यांची. ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली. वडील मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते. त्यांचा एक नियम होता: गाडी कधी शिगोशीग भरायची नाही. अर्ध्या टनाची जागा मोकळी ठेवायची. रस्त्यात कोणाला उचलून घ्यावे लागेल, काय घ्यावे लागेल, सांगता येत नाही.

आई आधीच गेलेली होती. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचे होते आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा. दादांनी शाळा सोडली आणि मालधक्क्यावर उभे राहिले. धाकट्याला त्यांनी अक्षरशः अंगाखांद्यावर वाढवले, शिकवले, इंजिनिअर केले. नोकरीसाठी तो सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात गेला, तिथेच त्याने लग्न केले. प्रेम भरपूर, पण बोलायचे काय हा दोघांनाही प्रश्न. फोनवर "बरं आहे ना?" "बरं आहे." "ठेवू मग?" एवढ्यात आटपायचे.

यातून वाट काढली ती धाकट्याने. एकदा दिवाणखान्यात स्वतःचा जुना संगणक आणून बसवला आणि दादांना एक खेळ शिकवून गेला. खेळात दोन पायांची अवाढव्य लोखंडी यंत्रे असतात. खेळाडू त्यांना मेक म्हणतात. आत बसून ती चालवायची, चौघांचा एक संघ करायचा आणि दुसऱ्या चौघांशी लढायचे. दादांना वाटले होते पोरखेळ. पण लढाईच्या आधी प्रत्येक यंत्र भरावे लागते, हे कळले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. किती टन चिलखत, किती तोफा, किती दारूगोळा, यंत्र तापू नये म्हणून किती कूलर, हे सगळे ठरलेल्या वजनात बसवायचे. शिवाय चारही यंत्रांचे मिळून वजन दोनशे चाळीस टनांच्या वर जाता कामा नये. एकाने जड यंत्र घेतले की दुसऱ्याला हलके घ्यावे लागते. हे दादांचेच काम होते. फक्त इथे ट्रकला पाय होते.

दर रविवारी दुपारी चार वाजता दोघे भाऊ कानांवर हेडफोन लावून बसू लागले. संघात आणखी दोघे होते, एक दातांचे डॉक्टर आणि एक गणिताच्या बाई. दादा कप्तान. स्वतःसाठी ते नेहमी सगळ्यांत हलके, पस्तीस टनांचे यंत्र घेत, म्हणजे धाकट्याला सत्तर टनांचे घेता येई. दोघांच्याही यंत्रात अर्धा टन मोकळा असे. डॉक्टर हसत, म्हणत, तेवढ्यात एक लेझर बसेल की. दोघे भाऊ तो मोकळाच ठेवत. दादांची बायको मला म्हणाली होती, "सवत आली तर आली, लोखंडाची येईल असं वाटलं नव्हतं." पण रविवारी पावणेचारला चहा तीच करून ठेवायची. कारण त्या दोन तासांत नवरा जितका बोलायचा तितका तो आठवड्यात बोलत नसे.

माझा यात संबंध एवढाच की मला तक्ते करायची आवड आहे. दादा शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एका चिठ्ठीवर चौघांचा लोडआउट, म्हणजे कोणाच्या यंत्रात काय काय भरले आहे ते, लिहून आणायचे. मी त्याचा चार रकान्यांचा तक्ता टाइप करून द्यायचो आणि एक प्रत माझ्या फाइलमध्ये लावायचो. दुसरा रकाना धाकट्याचा. असे चोवीस आठवडे झाले.

नवव्या आठवड्यात धाकट्याने आपल्या दोन्ही जलद तोफा काढल्या आणि जागी क्षेपणास्त्रे बसवली. तोफेचा नेम हाताने धरावा लागतो. क्षेपणास्त्र आपले आपण शत्रूमागे जाते. दादांना ते रुचले नाही, पण त्याची काही युक्ती असेल म्हणाले. मी टाइप करता करता म्हणालो, "धाकटे म्हातारे झाले वाटतं." दोघेही हसलो.

तेराव्या आठवड्यात त्याने उडी मारायची साधने काढली. त्यांना तीन बटणे एकदम दाबावी लागतात. सतराव्या आठवड्यात शस्त्रे जवळजवळ गेलीच. जाड चिलखत आणि दुरुस्तीचे सामान तेवढे राहिले. यंत्र एका जागी उभे करायचे आणि जवळ येईल त्या साथीदाराला दुरुस्त करायचे. दादा आता त्याला टोमणे मारू लागले. म्हणाले, रणांगणावर गॅरेज उघडलंय याने. धाकट्याचे बोलणेही नीट ऐकू येत नव्हते, शब्द एकात एक मिसळत. दादांनी निदान केले की माईक खराब आहे. लगेच चांगल्यातला हेडफोन घेऊन त्याला पाठवला. मिळाला, छान आहे, असा धाकट्याचा निरोप आला. निरोप लिहून आला होता, बोलून नव्हे, हे दादांच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

चोविसाव्या आठवड्यात त्या खेळाच्या एका स्पर्धेची अंतिम लढाई होती. बत्तीस संघांतून दोन उरले होते. दादांना जिंकायचे होते. आयुष्यात त्यांनी कशात भाग घेतला नव्हता, बक्षीस कुठले मिळणार. कप्तानाला दुसऱ्याचे यंत्र भरायचा अधिकार असतो. तो त्यांनी पहिल्यांदाच वापरला. आठवडाभर आधी धाकट्याचे यंत्र स्वतः भरले. तोफा परत बसवल्या, उडीची साधने परत बसवली, आणि राहिलेल्या अर्ध्या टनात जादा दारूगोळा घातला. चिठ्ठीवर सत्तरपैकी सत्तर असा आकडा मी पहिल्यांदा पाहिला. विचारले तेव्हा म्हणाले, फायनल आहे, एकदा चालतं.

धाकट्याने कुरकुर केली नाही. एवढेच विचारले, "दादा, हेच ठेवायचं ना?" दादा हो म्हणाले.

संघ अकरा मिनिटांत हरला. धाकट्याचे यंत्र एका भिंतीला धडकून तिथेच उभे राहिले. तोफांचे गोळे आकाशात गेले. तो पडला, मग बाई पडल्या, मग डॉक्टर. सगळे हेडफोनवर असताना दादा त्याला बोलले. हे शब्द दादांनीच मला नंतर जसेच्या तसे सांगितले.

"सत्तर टन घेऊन नुसता उभा राहिलास. त्यापेक्षा रिकामी गाडी बरी. आणि नवा माईक पाठवला तरी तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलतोयस."

धाकटा म्हणाला, "चुकलं, दादा."

पुढचे दोन रविवार तो आला नाही. दादा म्हणाले, रुसला असेल, लहानपणापासून तसाच आहे, तिसऱ्या दिवशी आपणच येतो. तिसऱ्या रविवारी सकाळी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. उजवा हात गेला होता, डावा जायच्या वाटेवर होता. हातापायांना, जिभेला हलवणाऱ्या नसा एकेक करून सुकत जातात असा आजार. त्याला औषध नाही. चार महिने झाले होते. घरात सगळ्यांना शपथ घातली होती. तो म्हणाला होता, "दादाला कळलं तर तो खेळ बंद करेल. मग आम्ही बोलायचं काय?"

दादा त्याच दिवशी बसने गेले. धाकटा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. सहा तासांत दादांनी माफीची वाक्ये जुळवली होती. प्रत्यक्षात म्हणाले, "जेवलास का?" धाकट्याने मान हलवली. मग दोघे खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी धाकट्याच्या बायकोने संगणक सुरू करून दिला, निदान बघायला काहीतरी असावे म्हणून.

धाकट्याचे यंत्र पडद्यावर उभे होते. दादांनी भरले होते तसेच. त्याच तोफा, तीच साधने. ती सांगू लागली की मी कितीदा म्हटलं, काढून टाका, तुम्हाला झेपत नाही. पण नाही. "एकच म्हणायचे, दादाने भरलंय, मी कसं काढू." तिने खण उघडून क्रेप बँडेजची गुंडाळी दाखवली. लढाईआधीचा संपूर्ण आठवडा, रोज दुपारी तीन तास, तो उजवा हात माउसला बांधून घ्यायचा आणि खांद्यातून ढकलून सराव करायचा. बांधायचे काम तिचे. बोटांवर वळांच्या खुणा अजून होत्या, त्या तिने दाखवल्या नाहीत, दादांनीच पाहिल्या.

दादांनी माउस हातात घेतला आणि तोफा काढायला लागले. पहिली काढली तेवढ्यात धाकट्याने घशातून आवाज केला. शब्द कळेना, पण नको म्हणतोय एवढे कळले. दादांनी ती परत बसवली. मग उडीची साधने काढली. पुन्हा तोच आवाज. परत बसवली. चिलखत काढून पाहिले. तेही नको, परत बसवले. धाकट्याची बायको कान जवळ नेऊन ऐकत होती, तिलाही उमगेना. धाकटा दमला, तरी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडेच बघत राहिला. तिथे वजन लिहिलेले असते. सत्तरपैकी सत्तर.

तेव्हा दादांना कळले. त्यांनी जादाचा दारूगोळा तेवढा काढला. आकडा साडेएकोणसत्तर झाला.

धाकटा "हं" म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

हे सारे मला दादांनी काट्याच्या खोलीत सांगितले, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी. तोफांचं त्याने मनावर घेतलंच नव्हतं, म्हणाले. मी बोललो त्याचंही नाही. "बाबांनी दोघांना मिळून एक गोष्ट दिली होती. ती मी मोडली, तेवढंच त्याला खुपलं." मग फलाटावर ट्रक आला आणि ते आकडा लिहू लागले.

त्यानंतर धाकटा नऊ महिने जगला. दादा दर शनिवारी संध्याकाळच्या बसने जात आणि सोमवारी पहाटे परत येऊन सरळ कामावर बसत. चार वाजता दोघे पडद्यासमोर बसत, पण लढाई कधी केली नाही. यंत्र नुसते मैदानात न्यायचे आणि चालवायचे. चालवायचे दादांनी. कुठे वळायचे ते धाकटा नजरेने सांगे. पुढे पुढे नजरही पुरेशी हलेना, तेव्हा दादा सरळच चालवत राहात. माफीची वाक्ये शेवटपर्यंत तशीच राहिली. मी एकदा विचारले, तर म्हणाले, काढायला गेलो की तोच म्हणायचा, मान हलवून, नको.

गेल्या महिन्यात मी माझे कपाट आवरायला काढले. सात महिन्यांनी निवृत्त व्हायचे, म्हणून आतापासूनच एकेक खण रिकामा करतो आहे. तिसऱ्या खणात ती फाइल सापडली. चोवीस तक्ते, तारखेप्रमाणे लावलेले. फाडून टाकावेत की दादांना द्यावेत, यावर दोन दिवस घालवले. मग जेवणाच्या सुट्टीत नेऊन दिले.

दादांनी डबा बाजूला सारला. प्रत्येक तक्त्यावर फक्त दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली वाचत गेले, वजनाची पावती वाचतात तसे. बाहेर एक ट्रक फलाटावर येऊन थांबला होता. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, मग उतरून काचेशी आला आणि दादांचा चेहरा पाहून परत जाऊन बसला.

नवव्या तक्त्यावर बोट थांबले.

"हे बघा," ते म्हणाले. "इथे कळायला हवं होतं. टायर बसलेला दिसतोय इथे."

मी मान डोलावली. त्या शनिवारी मी काय बोललो होतो आणि आम्ही कसे हसलो होतो, ते मला शब्दशः आठवत होते. त्यांनाही आठवत असणार, त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांनी ते काढले नाही. फाइल बंद केली, माझ्याकडे परत दिली आणि ट्रकला हात दाखवला.