ट्रकचं नाक रस्त्याकडे

"दाब!" ट्रकखालून लाइल ओरडला.

"दाबलंय!"

"सोड!"

वाँडाने पाय उचलला, पण क्लचचं पेडल काही वर येईना. तिने बुटाच्या टोकाने ते ओढून काढलं आणि डोंगराकडे पाहिलं. सकाळी पलीकडच्या धारेवर दिसणारा धूर आता अलीकडच्या उतारावर आला होता.

दरीतल्या सगळ्यांना तयार राहायची सूचना होती. निघायचा हुकूम कधीही येईल. आणि मेली क्लचची ऑइलची नळी आजच फुटावी! लाइलने नवी बसवली, पण आत शिरलेली हवा काही केल्या निघेना. क्लचशिवाय रिकामी ट्रक कशीबशी सरकते. पण मागे घोड्यांचा ट्रेलर जोडून रस्त्यापर्यंतचा हा चढ? नावच नको. बिस्किट आणि पर्ल या दोन्ही घोड्या कुंपणाला बांधल्या होत्या, धुराच्या वासाने टापा आपटत होत्या.

"नीट दाबतेस ना? का झोपलीस?"

"चाळीस वर्षं तुझी बडबड ऐकतेय, झोप कुठली?"

वाँडाने उभा जन्म शाळेची बस हाकली. बर्फातून, घाटातून, गावची पोरं सांभाळून. घरच्या ट्रकच्या दुरुस्तीत मात्र तिची मजल पेडलपर्यंतच. पाना लाइलचा, अक्कलही त्याचीच.

पुन्हा दाबायला ती वाकली, तेव्हा शेजारच्या सीटवर आडवी पडलेली पाण्याची बाटली तिला दिसली. अर्धवट भरलेली. त्यातली हवा सगळी पुढे, ट्रकच्या नाकाकडे जमली होती. वाँडा त्या बुडबुड्याकडे बघतच राहिली.

"लाइल, हवा वर अडकलीय! पेडलपुढच्या सिलिंडरात. आपण चढावर उभे आहोत, ट्रकचं नाक वर आहे. तू खालून हवा सोडायचं निपल कितीही उघड, ती कशाला येतेय?"

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अरे, वाकडंच आहे अंगण! नाक खाली करायला हवं. तबेल्याकडे."

लाइल सरकत बाहेर आला, तोंडभर ऑइल. "तबेल्याकडे नाही."

का नाही, ते तिला ठाऊक होतं. मागच्या मोठ्या वणव्यात ट्रकचं तोंड तबेल्याकडे होतं. वळवता वळवता चाक चरात गेलं आणि क्लोव्हर, त्याने हाताने दूध पाजून वाढवलेली घोडी, आतच राहिली. तेव्हापासून उन्हाळाभर ट्रकचं नाक रस्त्याकडे. इथे सगळेच तसं लावतात, पण लाइल ते सोवळ्यासारखं पाळायचा.

"पुन्हा अडकली तर?" त्याने विचारलं.

"तेव्हा तू चालवत होतास," वाँडा म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. पण आता थांबायला वेळ कुठे होता?

तिने ट्रक न्यूट्रलमध्ये मागे सपाटीवर सोडली, पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारला. गचके खात, रडत ती चढली. वर रस्ता मोकळा होता. तसंच सुसाट निघून जावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तिने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि धुराकडे तोंड करून परत उतारावर आली. ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. लाइलने चाकांपुढे ओंडके लावले आणि खाली शिरला.

"दाब!"

"दाबलंय!"

निपलमधून फसफसून बुडबुडे आले. "आली! वाँडा, आली गं!" तो लहान पोरासारखा ओरडला. आणखी दोनदा दाबल्यावर पेडल तिच्या पायाखाली घट्ट झालं आणि आपणहून वर आलं.

तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम कोकलले. निघा.

लाइल चाकांपुढचे ओंडके काढून घोड्यांकडे धावला. वाँडाने तबेल्यासमोर, त्याच चराच्या काठावर, ट्रक वळवली आणि ट्रेलरच्या आकड्याला अशी मागे लावली की पुन्हा हलवावी लागली नाही. बिस्किट पटकन चढली. पर्ल अडली, तर लाइलने तिच्या डोळ्यांवर आपला शर्ट बांधला.

मग सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराशी आला. वाँडा बसलेलीच होती. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला, उघडाच. तिने क्लच सोडला, ट्रेलरला हिसका बसला आणि ट्रक चढाला लागली. मागे दोन्ही घोड्या खिंकाळल्या.

लाइलने तबेल्याकडे वळून पाहिलं आणि तोंड हातांत झाकून घेतलं.

"रिकामा आहे ना रे?" वाँडाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"रिकामा आहे," तो म्हणाला. "या वेळी रिकामा आहे."