तीनशे दहा ग्रॅमची पेटी

अमीनभाई आमच्या संस्थेत एकोणीस वर्षं कंत्राटी होते. कंत्राटी म्हणजे दरवर्षी मार्चअखेर ज्याला काढतात आणि एप्रिलमध्ये नव्यानं नेमून जुनंच काम देतात तो माणूस. पुण्यातून हवामानाचे फुगे सोडणाऱ्या या संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आहे, कायम आहे, आणि ही हकिकत माझ्या तोंडी शोभत नाही. पण दुसरं कोणी सांगणार नाही.

फुगा तीस किलोमीटर वर जाऊन फुटतो आणि त्याला बांधलेली उपकरणांची पेटी छोट्या पॅराशूटनं खाली येते. वर उणे पन्नासची थंडी, खाली खडक नाहीतर बाभळ. त्यामुळे पेटी मजबूत हवी, आणि हलकी तर इतकी की एकेका स्क्रूवरून वाद व्हावेत. ही पेटी अमीनभाई करत. त्यांचे वडील शनिवार पेठेत पुस्तकबांधणी करायचे. ती सगळी विद्या अमीनभाईंनी थर्माकोलवर लावली. कोपऱ्यांना कागदाच्या पट्ट्या, एक थर उभा, एक आडवा, खळीनं चिकटवलेल्या, आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्याची शिवण. रिकामी पेटी तीनशे दहा ग्रॅम. अशा शंभरावर पेट्या वर गेल्या. काही फुटक्या कोपऱ्यांनी परत आल्या, पण आतलं उपकरण एकदाही फुटलं नाही. कागदोपत्री मात्र तिला आम्ही ‘पॅकिंग साहित्य’ म्हणत होतो.

गेल्या वर्षी तंत्रज्ञाची एक कायम जागा निघाली. कंत्राटी लोकांना वयाची सवलत पंचेचाळीसपर्यंतच होती आणि अमीनभाईंना मार्चमध्ये पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. ही शेवटचीच संधी. आमचे विभागप्रमुख डॉ. गोपाळकृष्ण यांनी शिफारस द्यायचं कबूल केलं होतं, आणि अमीनभाईंनी बायकोला, नूरबानूंना, तसं सांगूनही टाकलं होतं.

डिसेंबरात हिंजवडीच्या एका कंपनीनं सरांना कार्बन फायबरची पेटी भेट दिली. काळीभोर, चकचकीत, हातोडा मारला तरी ओरखडा नाही, आणि वजन दोनशे ऐंशी. सरांना थर्माकोल पाहुण्यांसमोर न्यायची तशीही लाज वाटे. जानेवारीच्या फुग्याला हीच पेटी बांधायचं ठरलं.

आमच्या ट्रान्समीटरची अँटेना पहिल्यापासून पेटीच्या आत असायची. थर्माकोल रेडिओलहरींना अडवत नाही. कार्बन फायबर अडवतं. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं, मलाही होतं. पण झाकणाला आठ स्क्रू होते आणि मला कंटाळा होता, म्हणून मी सगळ्या चाचण्या झाकण उघडं ठेवून घेतल्या.

फुगा सोडायच्या दिवशी सकाळी साडेसहाला अमीनभाईंनी स्वतःचा मोबाइल त्या पेटीत ठेवला, आठही स्क्रू आवळले आणि माझा फोन मागून घेऊन स्वतःच्या नंबरवर रिंग दिली. मग फोन माझ्या कानाला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

“योगेशसर, मला तुमचं रेडिओचं कळत नाही,” ते हळूच म्हणाले. “पण हिच्यात फोन लागत नाहीये. माझ्या पेटीत लागतो. मी एक करून आणलीये, गाडीत आहे. अर्ध्या तासात सगळं बदलून देतो.”

मी सरांकडे गेलो. विमानतळाकडून सात ते साडेसातचीच परवानगी होती, कंपनीची माणसं कॅमेरे लावून उभी होती. सरांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही शंका आपली की अमीनची?”

“अमीनभाईंनी फोन लावून पाहिला, सर.”

“अभियंते आपण आहात ना? मग आपलं मत सांगा. थांबवायचं का?”

थांबवा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की महिनाभर आपण काय तपासत होतात. मी म्हणालो, “चालेल बहुतेक, सर.”

फुगा वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्यासमोरचा पडदा कोरा होता, आणि तो कोराच राहिला.

चौकशी समिती बसली. अहवालात लिहिलं गेलं, की झाकण कंत्राटी कामगारानं बंद केलं आणि त्या वेळी अँटेना जागेवरून निसटली. खाली तीन सह्या, त्यातली एक माझी. फोन लावून पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. सरांनी शिफारस दिली नाही. मार्चअखेर अमीनभाईंना नेहमीप्रमाणे काढलं, एप्रिलमध्ये बोलावलं नाही.

मे महिन्यात इंदापूरपलीकडून एका मेंढपाळाचा फोन आला. पेटीवर आमचा नंबर होता. मी स्वतः जाऊन ती आणली आणि उघडली. अँटेना अगदी सरळ, जागच्या जागी. आतल्या मेमरी कार्डावरून कळलं की बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे चार तास, ट्रान्समीटर माहिती पाठवत होता.

सर म्हणाले, “अहवाल गेलाय, योगेश. आणि अमीनचं वयही आता बसत नाही.” पेटीवर एक ओरखडा नव्हता, म्हणून ती दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवली गेली. फलकावर ‘मजबूत आणि हलक्या रचनेचा नमुना’ असं लिहिलंय. सरांचं अक्षर सुंदर आहे.

मला राहवेना. बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेलो. अमीनभाई केकवाल्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके करत बसले होते. नूरबानू चहा ठेवून आत गेल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, अँटेना, कार्ड, चार तास. तुमची काही चूक नव्हती म्हणालो.

त्यांनी हातातली पट्टी पूर्ण चिकटवली.

“सही केलीत तेव्हा तुम्हाला हे माहीत नव्हतं का?”

“होतं.”

“मलाही होतं,” ते म्हणाले. “मग आज नवीन काय सांगायला आलात?”

मी चहा संपवला आणि निघालो.