दहा लाखात नऊ कमी

माहे केशवकाका चवथीच शिकेल हायेत. पण आकड्यात त्याईच्या समोर कोणी उभं राहून दाखवावं! बार्शीटाकळीले त्याईची मिरची-वांग्याच्या रोपांची नर्सरी हाये. गिऱ्हाईक म्हणते, "एक्याण्णव रोपं द्या," का काका लगेच सात ओळी मांडते, ओळीत तेरा-तेरा. एकही रोप ओळीच्या बाहेर राह्यलेलं त्याईले खपत नाही.

त्याईची पोरगी करिश्मा अमरावतीले क्लासले हाये. तिथं परीक्षा झाली. पहिल्या वीसजणाईले वर्षभर फुकट शिकवणार होते. करिश्मा एकविसावी आली, एका मार्कानं! प्रश्न होता, ९,९९,९९१ ही मूळ संख्या हाये का? म्हंजे, एक अन् ती स्वतः सोडून तिले कोणाचाच भाग जात नाही का? पोरीनं लिहिलं, "मूळ नाही, भाग जाते." सरच्या उत्तरात होतं, "मूळ हाये." सरनं विचारलं, "भाग कसा जाते?" ती म्हणे, "बाबा वाफ्यात करते तसा." सारा वर्ग हासला.

फोनवर हे आयकलं अन् माहं डोकंच सनकलं. "चला काका, मीच पाह्यते त्या सरले!"

"चंदे, तू तिथं तोंड उघडू नको. भांडून मार्क भेटत नाही."

अमरावतीले पोचलो, तं क्लासच्या दारात चपलाच चपला. काका खालीच बसले अन् त्यातल्या शंभर मांडल्या. दहा ओळी, ओळीत दहा.

"ओ काका, माही चप्पल!" आतून एक पोट्टा वरडला.

"घरी नाही नेत रे, थांब!"

सर बाहेर आले. "हे काय चालू हाये?"

"सर, ह्या शंभर." काकानं कोपऱ्यातल्या तीन ओळीतून तीन-तीन चपला काढल्या. "नऊ गेल्या. ह्या तीन ओळी सात-सातच्या राह्यल्या. त्या उचलून बाजूले उभ्या लावतो. आता मोजा."

सात ओळी, ओळीत तेरा. एकही चप्पल बाहेर नाही.

"तुमची संख्या म्हंजे दहा लाखात नऊ कमी. हजार ओळी, हजार-हजारच्या. कोपऱ्यातून नऊ काढा, तीन ओळी उभ्या करा. नऊशे सत्त्याण्णव ओळी होते, एक हजार तीनच्या."

सरनं मोबाईलवर गुणाकार केला. दोनदा केला. मंग हासले. "एका जुन्या पेपरातून उतरवला होता प्रश्न. मी तपासलाच नाही."

"मंग आमचा मार्क जाईन काय?" पोट्ट्यांनी गिल्ला केला.

"कोणाचा जात नाही. यंदा एकवीस घेऊ."

करिश्मा बापाच्या बाजूले येऊन उभी राह्यली.

येताना मूर्तिजापूरपाशी काका बसमधी एकदम उठले. "चंदे! त्या एक हजार तीनलेही सतराचा भाग जाते. सतरा गुणिले एकोणसाठ. सरले सांगाचं राह्यलं!"

"बसा चुपचाप! नाव लागलं ना पोरीचं?"

काका बसले. पण करिश्माले फोन लावलाच त्याईनं.