शेवटची सोळा पानं

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आता ऐंशी उलटली आहे, आणि ज्याला ती सर्वांत आधी सांगायला हवी होती ते माणूसच राहिलं नाही. वटार गावच्या सिसिलबाई महिन्यापूर्वी गेल्या. चर्चमध्ये त्यांची शवपेटी समोर ठेवली होती, आणि मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः मुख्याध्यापिका, बाईंच्या एकुलत्या एका कादंबरीचं शेवटचं पान वाचायला उभी राहिली. ‘मग चिमीने आपला आवाज रांजणात सोडला, आणि साऱ्या गावाने तिला जवळ घेतलं.’ पुस्तक मिटून ती म्हणाली, “आपल्या माणसांत मिसळून राहावं, हीच बाईंची शिकवण.” लोकांनी डोळे पुसले. मी तिसऱ्या बाकावर होतो. ते वाक्य बाईंचं नव्हतं. ते माझं होतं.

माझा वसईत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं, असली कामं. सिसिलबाई आमच्या पट्ट्यातल्या मराठी शाळेत शिकवायच्या. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्या वह्यांचा गठ्ठा आणि सुकेळ्यांची पुडी घेऊन आल्या. “भाऊ, आधी खा आणि मग वाचा. उपाशीपोटी वाचलंत तर नाही म्हणाल.” मी वाचलं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. गोष्ट मुलांची, पण कसली! एका गावात मूल आठ वर्षांचं झालं की त्याने मोठ्या रांजणात तोंड घालून एकदा ओरडायचं. त्याचा आवाज पाण्यात राहतो आणि वर येताना ते गावाचा एकच आवाज घेऊन येतं. मग अंधारात हाक आली तर आईला कळत नाही, आपलं मूल कोणतं. सोडलेले आवाज मिठागरांवर बिनशरीराच्या पाखरांसारखे भटकतात. घोगऱ्या आवाजाची चिमी रांजणाकडे जायला नकार देते. बाईंच्या वहीत शेवट असा होता: गाव दारं लावून घेतं. चिमी बांधावर उभी राहून आपल्या आवाजात आपलंच नाव ओरडते. कोणी उत्तर देत नाही... फक्त एका बंद दाराआड एक म्हातारी घसा खाकरते, आपला जुना आवाज आठवून पाहते. बस्स. तिथे संपलं. तरी मी पुस्तक छापायला घेतलं.

तो काळ आमच्याकडे वाईट होता. वाड्या विकल्या जात होत्या. विक्रीच्या संमतीच्या कागदावर सगळ्यांनी सही केली आणि एखाद्याने केली नाही, तर सकाळी त्याच्या केळी कापलेल्या सापडायच्या. कोण करतं हे ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. अशात जमिनीची दलाली करणारा नालासोपाऱ्याचा एक जण छापखान्यात आला. पुस्तकाचे छापलेले कागद वाळत पडले होते, त्यातला एक त्याने उचलून वाचला आणि हसला. “काका, हा रांजण म्हणजे आमची मीटिंगच की! सगळे एका सुरात हो म्हणतात.” मग त्याने मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी गणपतीचं चित्र पसंत केलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, “झालं की एक ठेवा, नातवंडांना होईल.” एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही.

पण माझं जेवण गेलं. बाहेर मोटारसायकल थांबली की मी उठून दाराआडून बघायचो. पुस्तक सोळा-सोळा पानांनी छापतात, त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. प्रत्येक फॉर्म्याचं प्रूफ बाईंकडे जाई आणि लाल शाईने सजून परत येई. शेवटच्या फॉर्म्याला मी निरोप पाठवला, “घाई आहे, मीच बघतो.” मग स्वतः बसून नवा शेवट लिहिला, अक्षरांचे खिळे जुळवले, छापला. बाईंच्या वहीतली ती पानं जाळून टाकली. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. वर मी सांगितला तेवढाच तो शेवट आता उरला आहे.

प्रकाशनाला, शाळेच्या हॉलमध्ये, मुलांनी हट्ट धरला, “बाई, शेवट वाचा!” बाईंनी पान उलटलं. थांबल्या. माझ्याकडे पाहिलं... आणि मग शांतपणे, एकही शब्द न गाळता, माझा शेवट वाचला. नंतर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. “भाऊ, हे काय केलंत?”

मी घाबरलो, असं म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, “माणसं आली होती, बाई. विचारत होती, वटारला एकटीच राहते ना ती?”

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझा हात धरला. “मग बरं केलंत. तुम्ही होतात म्हणून वाचले.”

त्या खोट्याने काय केलं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मुलांना गोष्टी रचून सांगणारी बाई आत बसू लागली. ओट्याला जाळी आली, दाराला दुसरं कुलूप आलं. रोझरीच्या प्रार्थनेला जाताना शेजारीण सोबत लागायची. वर्गात पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्ट बंद झाली. एकदा मी विचारलं, “दुसरं काही लिहिताय?” तर हसून म्हणाल्या, “आता कशाला भाऊ? पुन्हा कोणी आलं तर?” दर नाताळला करंज्यांचा डबा माझ्या घरी यायचा, आभाराचा. आमची मुलं तो मिटक्या मारत संपवायची. मी त्याला हात लावायचो नाही. तो दलाल पुढे वारला, तेही मी त्यांना कळवलं नाही. कळवलं असतं तर प्रश्न आले असते, आणि मला आता त्या दलालाची नाही, बाईंची भीती वाटत होती. माझा धरलेला हात त्या सोडतील याची.

त्या गेल्या त्याच्या आठवडाभर आधी भाच्याचा फोन आला, “आंटी आठवण काढते तुमची.” मी गेलो. त्याने आतून दोन्ही कुलपं काढली. बाई खाटेवर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. भाचा चहा टाकायला आत गेला तशी त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, त्या शेवटाबद्दल विचारणार. त्या पुटपुटल्या, “भाऊ, येताना मागे कोणी नव्हतं ना?”

“कोणी नव्हतं,” मी म्हणालो.

“काही बोलायचं होतं का तुम्हाला?”

“नाही... सहजच आलो.” मग मी यंदाच्या केळीबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो, चहा प्यालो आणि उठलो.

बोलायचं होतं ते इतकंच होतं: बाई, तेव्हाही कोणी नव्हतं. कोणीच तुमचं नाव घेतलं नव्हतं. घाबरलो होतो तो मी, आणि ती भीती मी तुमच्या घरात ठेवून आलो. मला माफ करा.